घर दाखवणारा एजंट नेमका कोणाचा?

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई-बाबांसाठी घर बघत होतो. आईला स्वयंपाकघराची खिडकी आवडली होती आणि बाबा बाल्कनीत उभे राहून वारा कुठून येतो ते बघत होते. एजंट किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत म्हणाला, "काका, आवडलंय ना? मग टोकन आत्ताच देऊन टाका. रात्री आठला दुसरी पार्टी येतेय." मी कागदपत्रांचं विचारलं. "पेपर एकदम क्लिअर आहेत." बाबांनी ओट्यावरच चेकबुक ठेवलं आणि एक लाखाचा चेक लिहून दिला.

पंधरा दिवसांनी वकीलबाईंनी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सदस्यत्वाचा दाखला, मागितलं. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी असतात. शेवटची नोंद विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होती. वडील वारलेले, मुलगा सोसायटीत नॉमिनी. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की नॉमिनी म्हणजेच मालक. पण सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच नॉमिनीच्या नावावरून ठरतं, मालकी सगळ्या वारसांची राहते. त्याची बहीण शारजाला. तिचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येणार, मग हक्कसोडपत्र नोंदवलं जाणार, आणि त्यानंतर आमचा करार. पावणेतीन महिने गेले. तोवर आमचा एक लाखही अडकलेला आणि आईची झोपही.

त्या एजंटाचा मला तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, चूक निम्मी आमची होती. 'पेपर क्लिअर' म्हणजे त्याच्या लेखी घरावर कर्ज नाही आणि कोर्टात भांडण नाही. मालकी तपासणं हे त्याने आपलं काम मानलंच नव्हतं, आणि आम्ही ते त्याचं काम समजून निर्धास्त होतो. एजंट काय करतो, काय करत नाही आणि कोणासाठी करतो, हे आधीच कळलं असतं तर तो चेक ओट्यावर लिहिला गेला नसता. म्हणून हे सगळं नीट उलगडून लिहितोय.

सुरुवात पैशापासून करू, कारण बाकीचं त्यातूनच कळतं. रीसेलच्या, म्हणजे जुनं घर विकण्या-घेण्याच्या, व्यवहारात एजंटाला पगार नसतो. दहा घरं दाखवली, वीस फेऱ्या मारल्या, पेट्रोल जाळलं आणि सौदा झाला नाही, तर हाती शून्य. झाला तर पुण्या-मुंबईकडे साधारण १ ते २ टक्के दलाली, आणि ती बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. हा दर कायद्याने ठरवलेला नाही, तो रिवाज आहे, म्हणून त्यावर बोलता येतं.

आता ७५ लाखांच्या फ्लॅटचं उदाहरण घ्या. दोन्हीकडून १ टक्का धरला तर एजंटाला दीड लाख मिळणार. तुम्ही घासाघीस करून भाव २ लाखांनी खाली आणलात, तर तुमचे २ लाख वाचतात आणि त्याचे फक्त ४ हजार जातात. सौदा मोडला तर मात्र त्याचे दीड लाख जातात. त्यामुळे भाव ७५ वर ठरतो की ७३ वर, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. सौदा मोडू नये, हीच त्याची सगळी धडपड. तो विकणाऱ्याला सांगतो, "मार्केट थंड आहे, थोडं उतरा," आणि तुम्हाला सांगतो, "मालक ऐकत नाही, थोडं चढा." यात कपट असेलच असं नाही. दोन माणसांना एका आकड्यावर आणून बसवणं हेच त्याचं काम आहे, आणि चांगला एजंट ते फार कौशल्याने करतो. मालक आणि घेणारा समोरासमोर बसले की "माझ्या घराला नावं ठेवता काय" इथपर्यंत गोष्ट जाते. मधला माणूस तेच बोलणं कडवटपणा काढून पोचवतो. मी असे दोन सौदे पाहिलेत जे एजंट नसता तर नक्की मोडले असते.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू अशी की 'हे घर घेऊ नका' असं सांगण्यात त्याचा काहीच फायदा नाही. म्हणून ज्या कामात कोणीतरी 'नाही' म्हणू शकायला हवं, ते काम त्याच्यावर सोपवू नये. मालकी तपासणं हे त्यातलं पहिलं. वकिलाची फी सौदा झाला तरी मिळते, मोडला तरी मिळते. म्हणूनच त्याच्या 'नाही'ला वजन असतं. आणि हा वकील एजंटाने सुचवलेला नसावा, आपण स्वतः शोधलेला असावा.

कायद्याच्या भाषेत एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये यावर अख्खं प्रकरण आहे. त्यात एक महत्त्वाचं तत्त्व आहे: ज्याचं काम घेतलं त्याला न सांगता एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःसाठी परस्पर फायदा काढला, तर तो फायदा मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. हे वाचायला दूरचं वाटतं, पण बाजारात याचं रूप अगदी ओळखीचं आहे. मालकाला ६० लाख सांगायचे, घेणाऱ्याला ६५ सांगायचे, मधले ५ स्वतःचे, वर दोन्हीकडून दलाली. हे टाळायचा उपाय साधा आहे. पक्क्या आकड्याचं बोलणं मालकाच्या तोंडून ऐकायचं. घर बघताना नाही तरी टोकन देण्याआधी एकदा मालकाची समोरासमोर भेट झालीच पाहिजे. "मालक परगावी आहेत, सगळं माझ्याशीच बोला" असं कोणी म्हणालं, तर फोनवर का होईना, मालकाशी बोलल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

आपल्याकडे एकच माणूस दोन्ही बाजूंचा एजंट असतो आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मग तो कोणाचा? खरं उत्तर असं की तो सौद्याचा. त्यामुळे "आमचं बजेट ८० पर्यंत आहे, पण ७५ मध्ये बघा" असं वाक्य त्याच्याशी बोलू नये. ते ८० हा आकडा म्हणून मालकाच्या कानावर जातंच. मीही एकदा हे बोलून बसलोय.

बाजारभावाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर अवलंबून राहायची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेले दस्त शोधता येतात. दस्ताचा सारांश म्हणजे सूची क्रमांक २, सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात. त्यात मोबदला आणि सरकारी बाजारभाव हे दोन्ही आकडे असतात. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले अलीकडचे तीन-चार दस्त बघितले, की "इथे या रेटखाली काहीच नाही" या वाक्याचा खरेखोटेपणा अर्ध्या तासात कळतो. एजंटाला विचारायचं ते जे इंडेक्स टूमध्ये कधीच सापडणार नाही ते. उन्हाळ्यात टँकर किती येतात? वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती कोणाच्या छतात उतरते? सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत? पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचतं का? वीस वर्षं त्याच पेठेत किंवा त्याच उपनगरात काम केलेल्या माणसाकडे हे सगळं असतं, आणि माझ्या मते त्याच्या दलालीतला निम्मा भाग खरं तर याच माहितीसाठी असतो.

नव्या प्रकल्पाचं गणित वेगळं. तिथे एजंटाला चॅनल पार्टनर म्हणतात आणि त्याची दलाली बिल्डर देतो. तुमच्याकडून त्याने काही मागायचं नसतं. तुम्ही पहिल्यांदा साइटच्या सेल्स ऑफिसात जाता तेव्हा एक फॉर्म भरून घेतात, त्यात 'कोणामार्फत आलात' असा रकाना असतो. तिथे एकदा ज्याचं नाव पडलं, त्याची दलाली पक्की झाली. त्यामुळे थेट जायचं की कोणामार्फत, हे पहिल्या भेटीआधी ठरवा, नंतर बदलणं अवघड जातं. चॅनल पार्टनर मोफत आहे म्हणून तो तुमचा, असंही समजू नये. ज्या प्रकल्पात त्याला जास्त मिळतं तो प्रकल्प तो आधी दाखवणार, हे धरूनच चालावं.

इथे रेरा येतो, म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६. त्यात बिल्डरबरोबर एजंटही पहिल्यांदाच नियमात आला. महाराष्ट्रात २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण काम करतंय. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायला मदत करायची असेल तर एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच. प्रकल्पाचा क्रमांक 'पी'ने सुरू होतो, एजंटाचा 'ए'ने. ही नोंदणी ५ वर्षांसाठी असते. १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होण्याचं प्रमाणपत्रही लागतं. ज्या प्रकल्पाची नोंदणी झालेली नाही त्यातलं घर एजंटाने विकायला काढायचंच नाही, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, आणि बुकिंग करताना ग्राहकाला ज्या माहितीचा नि कागदपत्रांचा हक्क आहे ती मिळवून द्यायची, अशी त्याची कर्तव्यं कायद्यातच लिहिलेली आहेत. मोडली तर दिवसाला १० हजार रुपये दंड, जो त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तक्रार बिल्डरविरुद्ध करता येते तशी एजंटाविरुद्धही करता येते, हे फार लोकांना माहीत नसतं.

महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून दोन मिनिटांत नोंदणी तपासता येते. प्रकल्पाच्या जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापावा लागतो. तो मोबाइलने स्कॅन केला की मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, प्रकल्पावरचे खटले समोर येतात. एजंट म्हणाला डिसेंबरमध्ये ताबा, आणि तिथे तारीख दिसते दोन वर्षांनंतरची, तर कोणाचं खरं मानायचं हे सांगायला नको. बिल्डरला करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. एजंट "ऑफर आजच्यापुरती आहे, २० टक्के भरून टाका" म्हणत असेल तर त्याला हे शांतपणे सांगावं.

पण रेराचं छत्र सगळीकडे नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. आणि तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका माणसाने दुसऱ्याला विकला किंवा भाड्याने दिला, तर तो व्यवहार या नोंदणीच्या चौकटीत बसत नाही. फक्त रीसेल आणि भाड्याचं काम करणाऱ्याकडे महारेराचा क्रमांक नसेल तर तो लबाड ठरत नाही. त्याच वेळी, ज्याच्याकडे क्रमांक आहे त्याने जुन्या फ्लॅटचे कागद तपासलेत असाही अर्थ होत नाही. आमच्या त्या एजंटाच्या कार्डावर रेरा क्रमांक ठळक छापलेला होता. तो पाहून बाबांना धीर आला होता, आणि त्या धीराचा आमच्या व्यवहाराशी काहीच संबंध नव्हता.

मग रीसेलमध्ये बघायचं काय? मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत करारांची अखंड साखळी आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू. शेअर सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ती राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला. सोसायटीचं बाकी नसल्याचं पत्र. कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र, आणि मूळ कागद बँकेकडे आहेत की मालकाच्या कपाटात. मालक परदेशात राहतो का, हेही पहिल्या दिवशीच विचारा. घर ५० लाखांचं किंवा त्याहून जास्तीचं असेल तर घेणाऱ्याने किमतीच्या १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कापण्याचा दर बराच मोठा असतो, आणि न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. एजंट हे बोलत नाहीत. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

एकूण खर्चही आधीच मांडून घ्यावा. पुणे शहरात ७५ लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के म्हणजे ५ लाख २५ हजार. घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ७५ हजार वाचले. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत यातली जी जास्त, तिच्यावर शुल्क बसतं. नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का म्हणजे ७५ हजार, आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, आणखी १३ हजार ५००. सोसायटीच्या हस्तांतरण प्रीमियमला महापालिका हद्दीत २५ हजारांची मर्यादा आहे. त्यावर 'देणगी' म्हणून कोणी मोठी रक्कम सांगितली, तर ती सक्तीने घेता येत नाही.

टोकनची रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा बँकेतून मालकाच्याच खात्यात द्या, एजंटाच्या नाही. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि पावतीवर एक ओळ हवीच: 'वकिलांच्या तपासणीत मालकी निर्वेध न आढळल्यास ही रक्कम अमुक दिवसांत पूर्ण परत करावी.' ही ओळ लिहायला तयार नसलेल्या माणसाच्या घराची खिडकी कितीही सुंदर असली तरी पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

नोंदणीच्या दिवशी एजंटाची खरी धावपळ दिसते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबर, डेटा एन्ट्रीचा प्रिंट, चलनाची प्रत, पॅन, आधार, ओळख पटवणारी दोन माणसं. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, मग पानापानावर सह्या. बाबांचा अंगठा यंत्राला तीनदा उमटला नाही, तेव्हा शेजारच्या टपरीवरून ओला रुमाल आणून देणारा तोच एजंट होता. त्या दिवशी तो सकाळी साडेनऊपासून उपाशी उभा होता. हेही सांगायला हवं, कारण दलाली म्हणजे फुकटचा पैसा असं म्हणणाऱ्यांनी तो दिवस पाहिलेला नसतो.

भाड्याच्या घरात दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. तिथे एक गैरसमज एजंटच पसरवतात की ११ महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच नेहमीचा भाडेकरार) कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

जमिनीचं तर आणखी सांभाळून. कोकणात किंवा मावळात 'एक गुंठा, सातबाऱ्यावर नाव' म्हणून प्लॉट दाखवतात, तेव्हा बहुतेकदा सातबारा सामाईक असतो. म्हणजे नाव लागतं, पण तुमचा तुकडा कोणता हे कागदावर कुठेच नसतं. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो किंवा परवानगी लागते. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर बंधनं असलेली, असेल तर विकायलाही सरकारची परवानगी लागते. इथे एजंटापेक्षा आधी तलाठ्याकडे जाऊन फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, बघावेत.

गेल्या वर्षी मावशीसाठी सिंहगड रोडला घर शोधलं, तेव्हा घर बघायला जाण्याआधीच प्रत्येक एजंटाला हा मेसेज पाठवला: "नमस्कार. घर बघण्याआधी तीन गोष्टी कळवाल का? दलाली किती आणि ती कधी द्यायची? मालकाकडूनही दलाली घेणार आहात का? शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टूचे फोटो टोकनआधी मिळतील का? आमची तयारी अशी: निम्मी दलाली करार नोंदवल्यावर, निम्मी किल्ली हातात आल्यावर."

चौघांना पाठवला. एकाने उत्तरच दिलं नाही. दोघांनी लिहिलं, "आधी घर तर बघा, मग बोलू." चौथ्याचं उत्तर तासाभराने आलं: "१ टक्का, दोन्हीकडून घेतो. कागद उद्या पाठवतो. पण मालकाच्या नावाची सोसायटीत नोंद व्हायची आहे, महिना लागेल, चालेल का बघा." मावशीला मी त्याचाच नंबर दिला.